किंमत बोहारणीने ठरवावी

३१ डिसेंबरला दुपारी आमच्या इथल्या थ्रिफ्ट स्टोअरच्या, म्हणजे दानात आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या संस्थेच्या दुकानाच्या, मागच्या दाराशी गाड्यांची रांग लागते. डिक्क्या उघड्या, आत काळ्या पिशव्या, मुलांच्या सायकली, टोस्टर, दिव्याच्या शेड, आणि सगळ्यांना घाई, कारण अमेरिकेत टॅक्सचं वर्ष रात्री बाराला संपतं आणि त्याच्या आधी दिलेलंच त्या वर्षात धरता येतं. दारावरचा मुलगा पिशव्या उतरवून घेतो आणि हातात एक पावती देतो. पावतीवर संस्थेचं नाव असतं, तारीख असते, आणि किमतीची जागा कोरी असते. ती आपण घरी जाऊन भरायची.

मला या कोऱ्या जागेबद्दल बोलायचंय. न्यू जर्सीत येऊन मला बरीच वर्षं झाली, त्यातली गेली सहा वर्षं मी शनिवारी सकाळी अशाच एका दुकानाच्या मागच्या खोलीत कपडे निवडायला जाते, आणि माझं मत असं झालंय की वापरलेले कपडे आणि घरसामान दिल्यावर अमेरिकेत टॅक्समध्ये जी वजावट मिळते ती आत्ता आहे तशी राहू नये. देणं बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, द्या, भरपूर द्या, पण दिलेल्या वस्तूची किंमत देणाऱ्याने स्वतःच लिहायची आणि सरकारने त्यावर टॅक्स सोडायचा ही पद्धत चुकीची आहे.

आधी आमचंच सांगते. घर घेतलं त्या वर्षी व्याज आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळून आम्ही पहिल्यांदा आयटमाइझ केलं, म्हणजे एकेक खर्च दाखवून वजावट घेतली. रिटर्न भरताना मार्चमध्ये आठवलं की ऑक्टोबरमध्ये पाच पिशव्या दिल्या होत्या. मग मी आणि नवरा जेवणाच्या टेबलावर बसलो, समोर कोरी पावती, आणि आठवून आठवून लिहायला लागलो, त्याचा ब्लेझर वीस, माझा कोट तीस, मुलीचे फ्रॉक प्रत्येकी पाच, पडदे किती होते, चार की सहा, सहा लिही. बेरीज ४६० आली. त्यातला एकही आकडा आम्ही कुठे तपासला नव्हता आणि पडदे उन्हाने विटलेले होते हे मला नीट माहीत होतं. कोणी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी परत तसंच केलं. नंतर मी त्या मागच्या खोलीत उभी राहायला लागले तेव्हा मला कळलं की आमच्या त्या पडद्यांचं काय झालं असणार.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. किंमत लिहायची ती फेअर मार्केट व्हॅल्यू, म्हणजे वस्तू आज ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेत थ्रिफ्ट स्टोअरमध्ये कुणी राजीखुशीने जेवढ्याला घेईल तेवढी. शंभरला घेतलेला स्वेटर म्हणून शंभर नाही, आठ-दहा. २००६ च्या कायद्याने अट घातली की कपडे आणि घरसामान चांगल्या वापरण्याजोग्या स्थितीत असायला हवं, नाहीतर वजावट नाही. २५० डॉलर किंवा जास्तीचं दान एकदम दिलं तर संस्थेची लेखी पोच लागते. वर्षभरातल्या वस्तूंची बेरीज ५०० च्या वर गेली की ८२८३ नंबरचा फॉर्म, आणि एक वस्तू किंवा एकसारख्या वस्तू मिळून ५००० च्या वर गेल्या की तज्ज्ञाकडून मूल्यांकन. म्हणजे नियम आहेत, पण ५०० च्या आत किंमत देणाऱ्याच्याच शब्दावर चालते. माझ्या ओळखीत दरवर्षी ४८०, ४९० असे आकडे लिहिणारी चार-पाच घरं आहेत, सगळी सज्जन माणसं, सिग्नल न तोडणारी. त्यांना यात काही वावगं वाटत नाही कारण पावतीच तशी आहे, कोरी जागा समोर ठेवली की माणूस आपल्याच बाजूने भरतो.

काही जण तर फारच पुढे जातात. २०१५ मध्ये टॅक्स कोर्टाने एका जोडप्याची वस्तूंच्या दानाची वजावट पूर्ण नाकारली, त्यांनी एका वर्षात ३७ हजार डॉलरच्या वर दाखवले होते, कपडे, पुस्तकं, खेळणी, फर्निचर असं सगळं. पोच का नाही तर म्हणे प्रत्येक खेप २५० च्या आतली होती. कोर्टाने हिशेब केला की मग वर्षात शंभराच्या आसपास खेपा झाल्या असत्या आणि हे काही पटण्यासारखं नाही. ते पकडले गेले कारण आकडा डोळ्यात भरणारा होता. ४९० वाला कधीच पकडला जात नाही.

आता हा फायदा मिळतो कुणाला ते बघा, कारण मला खरा राग इथे येतो. आयटमाइझ करणाऱ्यालाच ही वजावट मिळते. २०१७ च्या टॅक्स कायद्याने स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्च न दाखवता सरसकट मिळणारी ठरावीक वजावट, जोडप्यासाठी १२,७०० वरून २४,००० वर नेलं (२०१८ पासून), त्यामुळे आधी साधारण तीस टक्के लोक आयटमाइझ करायचे ते दहा टक्क्यांच्या आसपास आले. २०२५ साठी तो आकडा ३१,५०० आहे. म्हणजे दहातल्या नऊ घरांना कपडे दिले काय न दिले काय, टॅक्समध्ये शून्य. उरलेलं एक घर कोणाचं? ज्याचं मोठं कर्ज आहे, मोठी प्रॉपर्टी आहे, मोठं उत्पन्न आहे. समजा तोच एक कोट, थ्रिफ्ट स्टोअरमध्ये ४० डॉलरचा. २०२५ मध्ये टॅक्सच्या सगळ्यात वरच्या, ३७ टक्के दराच्या पट्टीतल्या माणसाने दिला तर त्याचे जवळपास १५ डॉलर वाचतात. २२ टक्क्यांतल्या आयटमाइझ करणाऱ्याचे नऊच्या आत. आणि त्यांचं घर साफ करायला येणारी बाई, जी खालच्या पट्टीत आहे आणि स्टँडर्ड डिडक्शन घेते, तिने तोच कोट आपल्या अंगावरून काढून दिला तरी तिला काहीच नाही. कोट तोच, थंडीत तेवढीच ऊब देणारा.

आपल्या न्यू जर्सीच्या मराठी लोकांना हे जास्त जवळचं आहे कारण इथे प्रॉपर्टी टॅक्सच सरासरी वर्षाला १० हजार डॉलरच्या वर जातो. २०१८ पासून राज्याच्या आणि स्थानिक टॅक्सची वजावट १० हजारांवर अडवलेली होती, म्हणून बऱ्याच जणांनी आयटमाइझ करणं सोडलं होतं. २०२५ च्या नव्या कायद्याने ती मर्यादा ४० हजार केली (फार मोठ्या उत्पन्नाला कमी होत जाते), त्यामुळे आपल्यातली कितीतरी घरं परत आयटमाइझ करायला लागणार आणि त्या कोऱ्या पावत्या परत ड्रॉवरमधून बाहेर निघणार. म्हणून मी हे आत्ता लिहितेय.

त्याच कायद्यात अजून एक गोष्ट आहे जी फार कुणी बोलत नाही. २०२६ पासून स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्यांनाही दानाची थोडी वजावट मिळणार, एकट्याला १००० आणि जोडप्याला २००० डॉलरपर्यंत, पण फक्त पैशाच्या दानाची. वस्तू नाहीत. २०२० मध्ये कोविडच्या वेळी ३०० डॉलरची सूट दिली तीही फक्त पैशालाच होती. आणि आयटमाइझ करणाऱ्यांना २०२६ पासून उत्पन्नाच्या अर्धा टक्का इतकं दान आधी वगळावं लागणार, म्हणजे दोन लाखांच्या घराला पहिले हजार डॉलर धरता येणार नाहीत. माझ्या मते यातून दिसतं की संसदेलाही वस्तूंच्या किमतीवर भरवसा ठेवायचा नाहीये, फक्त जुनी सवलत काढून टाकायची हिंमत होत नाही.

आता मागच्या खोलीत या. तिथे गेलॉर्ड म्हणतात ते पुठ्ठ्याचे प्रचंड खोके असतात, माणसाच्या छातीइतके उंच, आणि एक लांब टेबल. पिशवी फोडायची, टेबलावर ओतायची, दुकानात लावण्यासारखं एका बाजूला, गाठोड्यात जाणारं दुसऱ्या बाजूला, कचरा तिसरीकडे. पहिल्या शनिवारी मला वाटलं होतं की बहुतेक माल दुकानात जाईल. तसं होत नाही. एकच बूट येतो. चेन तुटलेली जाकिटं येतात. तळघरात पाणी शिरलं म्हणून ओले झालेले कपडे पिशवीत बांधून तसेच देतात आणि एका ओल्या पिशवीने अख्ख्या खोक्याला बुरशी लागते. मुलांच्या कार सीट येतात ज्या कुठलीच शहाणी संस्था विकत नाही, कारण अपघातातली आहे का, मुदत संपलीये का, कळायला मार्ग नसतो. वापरलेली अंतर्वस्त्रं येतात, जेवणाचे डाग पडलेले टेबलक्लॉथ येतात, अर्धं कोडं हरवलेली जिगसॉ येतात. आणि हे सगळं उचलून न्यायला कचऱ्याच्या गाडीचे पैसे संस्था भरते, ज्या पैशातून तिने कुणाला तरी नोकरीचं ट्रेनिंग द्यायचं असतं. देणाऱ्याच्या पावतीवर मात्र त्या पिशवीचे साठ डॉलर लिहिलेले असू शकतात. म्हणजे सरकारने त्याला टॅक्स सोडला आणि संस्थेने त्याच्या कचऱ्याचा खर्चही उचलला.

चांगलंही येतं, ते सांगायलाच हवं. एकदा एक म्हातारे गृहस्थ आले, बायकोचे सगळे कपडे धुऊन, इस्त्री करून, हँगरला लावून घेऊन आले होते, प्रत्येकाचं बटण जागेवर. त्यांनी पावती घेतलीच नाही.

जे विकलं जात नाही त्याचं पुढे काय होतं? बेलर नावाच्या मशीनमध्ये दाबून चौकोनी गाठी बांधतात, त्या वजनावर विकल्या जातात आणि जहाजाने जातात, घानाच्या कांतामांतो बाजारात, केनियात जिथे या मालाला मितुंबा म्हणतात, आणि आपल्याकडेही, गुजरातेत कांडल्याच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) निवडायला आणि पानिपतला. पानिपतात लोकरीचे जुने स्वेटर रंगारंगाने वेगळे करतात, बटणं-चेन काढतात, फाडून परत सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटं विणतात, जी आपण पुरात-भूकंपात वाटताना बघितलेली असतात. मी एकदा टेबलावर एक मरून स्वेटर गाठोड्याच्या खोक्यात टाकला आणि मनात आलं की हा कदाचित ब्लँकेट होऊन माझ्या माहेरी पोचेल. गाठीचा भाव वजनावर असतो, नगावर नाही. देणाऱ्याने पंधरा डॉलर लिहिलेल्या स्वेटरचे तिथे काही सेंट येतात. आणि हे सगळं होऊनही अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या आकड्यांनुसार त्या वर्षी १ कोटी ७० लाख टन कापडाचा कचरा झाला आणि त्यातला १ कोटी १३ लाख टन जमिनीत पुरला गेला.

मग करायचं काय? उपाय नवा शोधायचाच नाहीये, अमेरिकेनेच तो एकदा केलेला आहे, जुन्या गाड्यांच्या बाबतीत. पूर्वी बंद पडलेली गाडी दान करायची आणि किमतीच्या पुस्तकातली धडधाकट गाडीची किंमत रिटर्नमध्ये लिहायची अशी सर्रास पद्धत होती. संसदेसाठी हिशेब तपासणाऱ्या जीएओ या संस्थेने २००३ मध्ये ५४ गाड्यांचा माग काढला, तर साधारण दोन तृतीयांश गाड्यांमध्ये संस्थेच्या हातात पडलेली रक्कम देणाऱ्याने दाखवलेल्या किमतीच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी निघाली. २००४ मध्ये कायदा झाला आणि २००५ पासून नियम आला की ५०० डॉलरच्या वर वजावट हवी असेल तर संस्थेने गाडी जेवढ्याला विकली तेवढीच मिळेल, संस्था स्वतः वापरणार असेल वगैरे काही अपवाद सोडून. झालं. वाद संपला, पुस्तकं उघडायची गरज संपली.

कपड्यांना असं कसं करणार, दहा डॉलरच्या शर्टाचा माग कोण ठेवणार, असं मला आमच्या ग्रुपमध्ये लगेच विचारतात. ब्रिटनमध्ये ठेवतात की! तिथे चॅरिटी शॉपला पिशवी देताना तुमच्या नावाचं बारकोड स्टिकर लावतात. कायद्याच्या भाषेत दुकान ती वस्तू तुमच्या वतीने विकतं, विकल्यावर तुम्हाला कळवतं की इतके पौंड आले, आणि तुम्ही ते पैसे संस्थेला देताय असं धरून संस्थेला सरकारकडून प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स जास्तीचे मिळतात, याला गिफ्ट एड म्हणतात. विकलं गेलं नाही तर शून्य. दोन गोष्टी यात मला फार आवडतात. किंमत दुकानात गिऱ्हाईक ठरवतं, आणि सरकारचा मुख्य पैसा संस्थेकडे जातो. अमेरिकेतली थ्रिफ्ट स्टोअरं तशीही प्रत्येक वस्तूला टॅग लावतातच, संस्थेला कामाचा थोडा बोजा वाढेल हे मान्य, पण आज कचऱ्यावर जो खर्च होतो तो कमी झाला तर भरून निघेल असं मला वाटतं, कारण ओली पिशवी आणून काही मिळणार नाही हे एकदा कळलं की निदान टॅक्ससाठी आणणारे ती आणणार नाहीत.

आणि खरं सांगू, ही ब्रिटिश पद्धत पहिल्यांदा कळली तेव्हा मला आमच्या सांगलीच्या घराची पायरी आठवली. दुपारी जेवणं झाली की गल्लीत हाक यायची, डोक्यावर पाटीत स्टीलची भांडी, बगलेत कपड्यांचं गाठोडं, बोहारीण. आई आतून जुने कपडे आणायची आणि मग तासभर चालायचं. ती बाई शर्ट उजेडाकडे धरायची, कॉलर बघायची, काखेत शिवण ओढून बघायची, पँटची चेन वर-खाली करायची, साडीची घडी मोडून पूर्ण लांबी हातावर घ्यायची आणि काठाला जर खरी आहे का ते नखाने बघायची. "ताई, ह्यो विरलाय, ह्याचं काय न्हाई येत," म्हणून बाजूला टाकायची. आई म्हणायची, "अगं, दोनदा नेसलेली साडी आहे!" बोहारीण ऐकून घ्यायची आणि तरीही ती साडी बाजूलाच ठेवायची, कारण ते कपडे धुऊन, उसवलेलं शिवून, इस्त्री करून जुन्या बाजारात विकायचे तिला होते आणि तिथे काय भाव येतो ते तिला माहीत होतं, आईला नव्हतं. सहा-सात कपड्यांवर एक पातेलं, फार तर झाकणासकट. जे तिने घेतलं नाही त्याच्या आजी वाकळा शिवायची, त्याहून विरलेलं पायपुसणं व्हायचं. आमच्या घरातून कापड कचऱ्यात गेल्याचं मला आठवत नाही.

माझं म्हणणं एवढंच की जुन्या वस्तूची किंमत नेहमी तिनेच ठरवावी, म्हणजे जिला ती पुढे विकायची आहे तिने. आईला जर कोरी पावती दिली असती तर तिने दोनदा नेसलेल्या साडीचे चारशे रुपये लिहिले असते आणि ते अगदी मनापासून लिहिले असते. तिला त्या साडीचं लग्नातलं रूप दिसत होतं. आम्हालाही आमचे पडदे घेतले त्या दिवसासारखेच दिसत होते.

वजावट काढली तर लोक देणं बंद करतील, संस्था बसतील, हा मुद्दा मी हलका समजत नाही, कारण मी जिथे जाते ती संस्था याच मालावर चालते. पण दहातल्या नऊ घरांना २०१८ पासूनच काही मिळत नाहीये आणि आमच्या दाराशी माल कमी झालेला मी तरी बघितला नाही. लोक देतात कारण घर बदलतात, मुलं मोठी होतात, आईवडील जातात, कपाटात जागा राहत नाही. टॅक्ससाठी देणारे आहेत, ते डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतात, आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे सगळ्यात जास्त कचरा निघतो.

भारतातून भाऊ विचारतो, तुमच्याकडे जुने कपडे दिले की टॅक्स वाचतो म्हणे, आपल्याकडे का नाही? आपल्याकडे ८०जी या आयकराच्या कलमात फक्त पैशाच्या दानाला वजावट आहे, वस्तूंना नाही, आणि रोख दिले तर २००० रुपयांपर्यंतच धरतात (२०१७ च्या अर्थसंकल्पाआधी हे १० हजार होतं). नव्या टॅक्स पद्धतीत तर ८०जीची वजावटच नाही. अधूनमधून कुणीतरी मागणी करतं की कपडे, भांडी, फर्निचर यालाही ८०जी लावा. मी म्हणते कृपा करून लावू नका. आपल्याकडे आधीच जुने कपडे देणं म्हणजे आपण उपकार करतोय अशी भावना आहे, त्यात टॅक्सची पावती मिळाली तर काय होईल ते मला दिसतंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला तेव्हा भाऊ एका शाळेतल्या छावणीत मदतीला जात होता, त्याने सांगितलं की ट्रकातून आलेल्या ढिगात जरीच्या साड्या, लग्नातले कोट, एकेक मोजा असं काय काय होतं, आणि बायकांना हवी होती नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, कोरडं अंथरूण. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत असेच कपड्यांचे ढीग पडून राहिले होते आणि ते निवडून मार्गी लावायचं काम गूंज या संस्थेने अंगावर घेतलं. अंशु गुप्तांनी दिल्लीत सुरू केलेली ही संस्था कपडे फुकट वाटत सुटत नाही, गावातले लोक आधी विहीर, रस्ता, बंधारा असं आपल्या गावाचं काम करतात आणि कपडे त्या कामाचा मोबदला म्हणून घेतात. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथेही वस्तूचं मोल घेणाऱ्याच्या कष्टाने ठरतं.

सरकारला काही द्यायचंच असेल तर अशा निवडणाऱ्या, धुणाऱ्या, शिवणाऱ्या हातांना द्यावं, शेड द्या, पाणी द्या, जुन्या बाजाराला हक्काची जागा द्या. भावाला मी विचारलं, कॉलनीत बोहारीण येते का रे अजून? तो म्हणाला, सोसायटीच्या गेटवर वॉचमन सोडत नाही, फेरीवाल्यांना बंदी असा बोर्डच आहे, आणि लोक जुने कपडे ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून देतात. मी म्हटलं, मग ८०जी राहू दे बाजूला, पुढच्या मीटिंगमध्ये एवढं एकच मांड की रविवारी दुपारी दोन तास तिला आत येऊ द्यायचं, पार्किंगमध्ये सावलीला बसायला जागा द्यायची आणि पाण्याचा एक नळ. तो मांडतो म्हणालाय. सेक्रेटरी तयार नाहीत, पण तळमजल्यावरच्या तिन्ही घरांनी सही केलीये.